समजा आपला बन्सी

मळ्यातून, पाथर्डी तालुका
(तारीख नात दिशा घालील, माझ्याकडे विचारशील तर लाल कांद्याची काटणी अर्ध्यावर आली आहे, तो दिवस)

चिरंजीव बन्सी यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, तू तोंड फिरवून बसला असलास तरी. पाठीवरूनही लागतो तो. भागिरथीलाही आशीर्वाद, आणि तिला थोडा जास्त. का ते खाली येईल. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून वाजतो का? साखरेची गोळी जेवणाआधी घेतोस, की ताटावरून उठल्यावर आठवते? इकडे सगळे खुशाल आहेत असं पत्रात लिहायची रीत आहे, म्हणून लिहायला सांगितलं. खरं म्हणशील तर पोटचा सुनील माझ्याशी धड बोलत नाही, त्याची लेक दिशा त्याच्याशी बोलत नाही, तू कोणाशीच बोलत नाहीस, आणि गाय तेवढी सगळ्यांशी पहिल्यासारखी आहे.

पत्र अशासाठी की तू माझा फोन कापतोस. पहिल्यांदा मला वाटलं रेंज गेली, म्हणून मी गच्चीवर जाऊन लावायला सांगितला, तिथेही तू कापलास. फोन कापता येतो. पत्र फाडताही येतं, पण सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला माणूस हातात आलेला कागद वाचल्याबिगर फाडणार नाही, एवढं मी तुला ओळखते. मला अक्षर येत नाही, हे तुला ठाऊक आहेच. तू शाळेत गेलास तेव्हा मी तुझं दप्तर वेशीपर्यंत नेऊन देत होते आणि तिथून शेणाला जात होते. तेव्हा मी सांगते आणि दिशा लिहिते. ती माझं बोलणं नीटनेटकं करून लिहिते. मी ‘न्हाई’ म्हणते, ती ‘नाही’ लिहिते. मी म्हटलं, लिही तुझ्या रीतीनं, पण गाळायचं काही नाही, आणि तुझ्याबद्दलचं तर मुळीच नाही. (लिहिलंस का हे? वाचून दाखव. बरं.)

आता मूळ गोष्टीवर येते. तुझा राग असा आहे की रतनअक्कानं माझी सगळ्या श्रीरामपुरात बदनामी केली. मला सांग, मी श्रीरामपुरात आले होते का? मी आमच्याच रानात, आमच्याच कांद्याच्या ढिगापाशी, पोतं अंथरून बसले होते. जे झालं ते अमेरिकेमुळे झालं. राग धरायचा तर तिकडे धर.

आपल्या सुनीलची ही थोरली, दिशा, पुण्याला विद्यापीठात इंग्रजीचं एम. ए. करते हे तू चार लोकांत अभिमानानं सांगत होतास. ती तिथे काय शिकते ते तू कधी विचारलं नाहीस. मी विचारलं. आधुनिक अमेरिकन कथासाहित्य, असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे काय. म्हणाली, आजी, आजकालच्या अमेरिकेतल्या माणसांच्या गोष्टी. मी म्हटलं, त्या वाचून इथे काय पिकणार आहे? तर म्हणाली, माणूस कळतो. माणसं कळायला आपल्याकडे काही कमी आहेत का, बन्सी? नुसती तुमची भावकी कळून घ्यायला एक जन्म पुरला नाही मला. पण पोरगी हुशार आहे आणि हट्टी आहे, आणि हट्टीपणा आपल्याच घराण्यातून गेला आहे, तेव्हा मी गप्प बसले.

गप्प राहिले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. तिला शेवटच्या सत्रात एका पुस्तकावर लांबलचक निबंध लिहायचा आहे, त्याला ते प्रबंध म्हणतात. तिच्या मॅडमनी सगळ्या मुलींना सांगितलं, की जे वाचलं ते इंग्रजी न येणाऱ्या माणसाला तोंडी सांगून बघा. त्याला कळलं तर समजा तुम्हाला कळलं. बाकीच्या मुलींनी आपापल्या आया धरल्या असतील. ही सुट्टीत घरी आली आणि माझ्या मागे लागली, कारण मला इंग्रजीच काय, मराठीसुद्धा वाचता येत नाही, म्हणजे परीक्षा अगदी चोख. रोज दुपारी माझ्यापुढे मांडी घालून बसायची. मी लसूण सोलणार, ही अमेरिका सोलणार.

गोष्ट काय होती ते ऐक, म्हणजे माझा जीव किती विटला ते तुला कळेल. एक माणूस असतो, तो गालिचे विकतो. एक दिवस सकाळी उठतो तर घरात बायको नाही. टेबलावर तिचा कॉफीचा कप, अर्धा प्यालेला. आता शहाणा माणूस काय करील? तिच्या माहेरी फोन लावील, भावाला बरोबर घेऊन शोधायला निघेल, निदान शेजारणीला विचारील की बाई, हिला जाताना पाहिलंत का. हा फ्रीज उघडतो आणि त्याच्यापुढे उभा राहतो. मी म्हटलं, मग पुढं? दिशा म्हणाली, उभा आहे. मी लसणाचा दुसरा गड्डा घेतला, तोही सोलून झाला, तरी हा आपला उभाच. मी म्हटलं, अगं, दार लाव म्हणावं त्याला, सगळा गारवा बाहेर चाललाय. तर ही मलाच समजावते, आजी, तो आतून रिकामा झालाय. मग जेव म्हणावं. एवढा फ्रीज उघडून उभा आहेस तर काहीतरी तोंडात टाक.

मग तो घर सोडून हमरस्त्याच्या कडेला एका लॉजवर राहायला जातो. बरोबर काय नेतो? काचेच्या भांड्यातला एक मासा. (खायचा नव्हे, पाळलेला. मी विचारून घेतलं.) बायको गेली तिच्या बहिणीच्या गावाला, तिथे ती एका हॉटेलात कामाला लागली आणि गाडी चालवायला शिकली. तो रोज संध्याकाळी आपल्या गाडीतून तिच्या दारावरून जातो आणि परत येतो. उतरत नाही. हाक मारत नाही. त्याला बाप नाही, आई नाही, चुलता नाही, सासरा असेल तर लेखकाला आठवलेला नाही. अख्ख्या पुस्तकात, बन्सी, एक मामा नाही. मी दिशाला म्हटलं, ह्यांच्या मध्ये कोणी पडत कसं नाही? एक वडीलधारा माणूस उठून गेला असता, दोघांना समोरासमोर बसवलं असतं, तर पुस्तक चहाच्या वेळेपर्यंत आटोपलं असतं. दिशा म्हणाली, आजी, तोच तर विषय आहे, त्याला एकटेपणा म्हणतात. मॅडम त्याच्यावर तासन्‌तास बोलतात म्हणे. मी म्हटलं, ह्याला एकटेपणा म्हणत नाहीत, ह्याला कोणी बोलावलं नाही म्हणून कोणी आलं नाही असं म्हणतात.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. मग काटणी लागली. यंदा सगळीकडे एकदमच कांदा निघाला आणि बाया मिळेनात. आमच्या शेजारच्या भिमाजीनं जीप पाठवून बाया नेल्या. सुनील तोंड पाडून बसला, तेव्हा मी म्हटलं, माझ्याच्यानं विळा धरवत नाही, पण मी ओळीत बसून गोष्ट सांगते, गोष्ट लागली की बाई उठत नाही. पूर्वी आपली आजी भुईमूग फोडताना असंच करायची, तुला आठवत असेल. सुनीलला पटलं. माझ्याजवळच्या जुन्या गोष्टी दोन दिवसांत संपल्या. बायांना त्या पाठ होत्या, राजकन्या कुठे सापडते ते त्या माझ्याआधी सांगत होत्या. मग माझ्याजवळ दुसरं होतं काय? अमेरिका काढली.

पहिल्या दिवशी तो माणूस चालेना. त्याचं नाव मला म्हणता येईना, आणि म्हटलं ते बायांना धरता येईना. त्यातून आपल्याकडे नाव सांगून भागतं का? आक्काबाईनं विळा खाली ठेवून विचारलं, “आत्याबाई, पन ह्यो कुनाच्यातला?” तिला पाव्हणा कोण, गाव कोणतं, बहीण कुठे दिली, हे कळल्याशिवाय माणूस दिसतच नाही. मी म्हटलं, बाई, तो अमेरिकेतला आहे, त्याला कोणी नाही. म्हणाली, “असं कसं, कुनी न्हाई म्हनून कुनी आसतंय का?” सगळी ओळ थांबली. तिकडून सुनील बघायला लागला की ढीग का हलत नाही. तेव्हा मी म्हटलं, बरं, असं करा, समजा आपला बन्सी. श्रीरामपूरला असतो तो. आणि बायको समजा भागिरथी.

एवढंच मी केलं. नीट ऐक, मी ‘समजा’ म्हटलं होतं, आणि एकदा नव्हे, दोनदा. (दिशा, हे ठळक कर.) आणि त्या क्षणापासून गोष्ट अशी पळाली म्हणून सांगू. बाया तुला ओळखतात. तुझ्या गाडीनं माहेरी गेलेल्या आहेत, सुट्ट्या पैशांवरून तुझ्याशी भांडलेल्या आहेत. तू फ्रीजपुढे उभा राहिलास तर त्यांना रडू आलं. (थोडं कांद्याचं असेल, पण सगळं नाही.) अमेरिकेच्या माणसासाठी कोणी डोळ्याला पदर लावला नव्हता. तू लॉजवर मासा घेऊन गेलास तेव्हा आक्काबाई म्हणाली, “आत्याबाई, त्याला हितं घिऊन या, चार दिस ऱ्हाईल.” दुसऱ्या दिवशी भिमाजीच्या जीपमध्ये बसलेल्या बाया उतरून आमच्याकडे आल्या, त्याच मजुरीवर, तुझं पुढं काय होतं ते ऐकायला. भिमाजी अजून विचारतो आहे की सुनीलनं भाव किती वाढवला. तेव्हा आमचा अर्धा कांदा तुझ्या जिवावर निघाला हे मी कबूल करते, आणि ते मनाला लावून घेण्याऐवजी तू अभिमान धरायला हवा होतास.

घोटाळा छबूबाईमुळे झाला. त्या दिवशी तिची शेळी व्यायली, म्हणून ती दुपारच्या भाकरीनंतर आली. ‘समजा’ सकाळी झालं होतं. ती आली तेव्हा तू लॉजवर पोचला होतास आणि बाया सुस्कारे टाकत होत्या. तिनं कोणाला विचारलं नाही, आणि तिला कोणी सांगितलं नाही, कारण तोवर ते सगळ्यांनाच खरं वाटायला लागलं होतं, माझ्यासकट. छबूबाईची लेक श्रीरामपूरला तुमच्या पलीकडच्या आळीत दिली आहे. तिला बाळंतिणीचे लाडू पोचवायला ही शेवगाव-नेवाशावरून गेली. ज्या गाड्यांवर तुझा जन्म गेला त्याच गाडीनं तुझी बातमी नेली. अर्ध्या तिकिटात, कारण बायांना आता अर्धं तिकीट आहे.

पुढची हकीकत मला सुनीलकडून कळली, आणि सुनीलला ती तू फोनवर ओरडून सांगितलीस, तेव्हा ती खरीच असणार. भागिरथी नेमकी राजूरला माहेरी गेली होती, भाच्याच्या लग्नाला. त्याला मी काय करू? तू नेमका बनियनवर होतास. शेजारचे कारभारी डबा घेऊन डोकावले तेव्हा तू नेमका फ्रीज उघडून उभा होतास. (लोणचं शोधत होतास म्हणालास. मला पटतं. पण कारभाऱ्यांनी बाहेर येऊन लोकांना सांगितलं, की आहे बाबा, तसंच आहे.) मग तुझ्या बरोबरीचे रिटायर कंडक्टर आले, तुला चहाला घेऊन गेले आणि तुझ्या पाठीवर हात फिरवत बसले. कोणी तुला भाड्याची खोली सुचवली. कोणी म्हणालं, ह्या वयात गालिच्याचा धंदा कशाला काढला. तू जितकं सांगायला गेलास की बाईमाणूस लग्नाला गेलंय, येईल चार दिवसांनी, तितकं लोक मान हलवायला लागले. आणि शेवटी कोणीतरी तुला विचारलं, मासा कसा आहे. तिथे तुझा तोल गेला, असं सुनील सांगतो. मला ते ऐकून वाईट वाटलं. मी दाराआड जाऊन हसले, समोर नाही.

आता जे खरं बोलायचं त्यावर येते. गोष्ट कुठून आली ते सुनीलनं सांगितलं, तेव्हा तू त्या रागात त्याला म्हणालास, “हे सगळं पोरीच्या पुस्तकातलं हाय, आसलं शिकवत्यात का तिथं, बंद कर आधी.” तू बोललास आणि फोन ठेवलास. तुझा शब्द म्हणजे सुनीलला मामाचा शब्द. त्याच्या बापाला जाऊन इतकी वर्षं झाली. घरातली म्हैस विकायची तरी तो तुला विचारतो. त्यानं दिशाची पुस्तकं उचलली आणि खताच्या गोण्यांमागे ठेवली. म्हणाला, शेवटचं सत्र बिगर पुण्याचं, घरी बस, मामा बोलले तेच बराबर. मी म्हटलं, अरे, मामा रागात बोलले. तर मलाच म्हणाला, “आई, तुला दुसरं नाव न्हाई का गावलं? गावात नावं काय कमी हायेत?” खरं सांगायचं तर होती. भिमाजीचं घेता आलं असतं. पण भिमाजीसाठी कोण रडणार?

तर अशी सगळी गत आहे. पोरगी जेवते, गाईला वैरण घालते, कामं करते आणि बापाशी बोलत नाही. परवा मी पाहिलं तर रिकाम्या स्वयंपाकघरात फ्रीज उघडून उभी होती. मी म्हटलं, दिशे, काय पाहिजे? म्हणाली, काही नाही. (हे लिही. लिही म्हणते ना. डोळे पूस आणि लिही.) बन्सी, त्या पुस्तकावर मी इतके दिवस चिडले, पण त्या माणसाचं इतके दिवस मला जे कळत नव्हतं ते तिथे एकदम कळलं. आणि मग मी जास्तच चिडले, कारण अमेरिकेत असलं होत असेल, आपल्या घरात होण्याचं काही कारण नाही. आपल्याकडे मध्ये पडायला माणसं आहेत. ती फोन कापून बसली तर गोष्ट वेगळी.

दुसरं काही विशेष नाही. थंडी आहे, बाजरी बरी झाली, माझे डोळे आहेत तसेच आहेत. गुडघ्याला तेल लाव. तुझ्यावर राग नाही. तू माझ्यावर धरला आहेस तो उतरला नसेल तर उतरेपर्यंत राहू दे, पण चपलांसारखा दाराबाहेर ठेव.

तुझी थोरली बहीण,
रतनबाई
(अंगठा उठवायचा म्हणत होते, दिशा म्हणते पत्राला लागत नाही. तरी उठवला आहे. शाईचा डाग नव्हे, मी आहे ती.)

ता. क. – भागिरथी रागावलेली नाही. राजूरहून परत आल्या आल्या तिनं तुझ्या पाठीमागे मला फोन केला. मला वाटलं आता ऐकावं लागणार. तर हळूच विचारते, “वन्सं, मग ती हाटेलात कामाला लागली, त्येच्या म्होरं काय क्येलं तिनं?” मी सांगितलं, गाडी शिकली. मग म्हणाली, “कंची गाडी?” हे तुला सांगू नको म्हणाली होती. तेव्हा मी सांगितलं नाही, दिशानं लिहिलं आहे.

ता. क. दुसरा – तुला इकडे यायला सांगण्यासाठी हे पत्र नाही, असं मी वर कुठे म्हटलेलं नाही. पुण्याचा फॉर्म भरायची मुदत संपत आली आहे. सुनील माझं ऐकत नाही, दिशाचं ऐकत नाही. तुझ्या एका शब्दानं ती घरात बसली, तुझ्याच एका शब्दानं उठेल. ये, आणि भागिरथीला बरोबर आण, दोघं एकाच सीटवर बसून या, म्हणजे छबूबाईलाही परस्पर उत्तर मिळेल. आणि हे केवळ पोरीच्या भल्यासाठी आहे असं समजू नकोस. कांदा अजून अर्धा काटायचा आहे. दिशानं अट घातली आहे, की फॉर्म भरल्याशिवाय पुस्तकाचा शेवट सांगणार नाही. मी तीन दिवस झाले बायांना तुझी गाडी नुसती दारावरून फिरवते आहे. आक्काबाई काल म्हणाली, “डिझेल संपंल त्येचं.” उद्या त्या भिमाजीच्या जीपमध्ये बसतील. मलाही रात्री झोप लागत नाही. पुस्तकात काही दम नाही हे माझं म्हणणं कायम आहे, पण मला शेवट पाहिजे.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवताना पोरीला माझी दया आली आणि तिनं शेवट सांगितला. तो एका संध्याकाळी गाडीतून उतरतो, बायकोच्या दारापर्यंत जातो, घंटीवर बोट ठेवतो. संपलं. मी म्हटलं, वाजवतो का? म्हणाली, ते लेखकानं लिहिलेलं नाही. दार उघडतं का? तेही नाही. एवढं मोठं पुस्तक, आणि माणूस दारात उभा करून लेखक निघून गेला. ह्याच्यावर पोरगी प्रबंध लिहिणार आहे, आणि ह्याच्यासाठी मी तिला पुण्याला पाठवा म्हणून तुझ्यापुढे पदर पसरते आहे.

मी बायांना हा शेवट सांगणार नाही. काटणीच्या ओळीत चालणार नाही तो. मी त्यांना म्हटलं आहे, थांबा, रविवारी सांगते. आमच्या दाराला घंटी नाही, तुला ठाऊक आहे. कडीही दिवसा लावत नाही. तू नुसता ये, बाया ओळीत बसलेल्या असतील, त्यांच्यासमोरून चालत ये. शेवट त्या आपल्या डोळ्यांनी बघतील. चहा टाकलेला असेल.